आरोग्य व समाजकल्याण सेवांच्या रक्षणाची नागरी चळवळ, मुंबई उपनगरांतील

राज्यशासनाने वा महानगरपालिकेने आरोग्य, पाणीपुरवठा, स्वस्त धान्य, बालसंगोपन यांसारख्या सेवांवरील खर्च कमी केल्यास, त्या सेवांना शुल्क लावल्यास किंवा त्या खाजगी संस्थांकडे सोपविल्यास, त्याविरुद्ध नागरिकांनी संघटितपणे केलेली मागणी, चौकशी, निदर्शने व न्यायालयीन कारवाई यांचा समावेश या चळवळीत होतो. एका पक्षाची, एका संघटनेची वा एका कालखंडाची अशी ही चळवळ नाही. गोरेगावच्या पाण्याच्या लढ्यापासून बोरिवली व मुलुंड येथील रुग्णालयांच्या खाजगीकरणास झालेल्या विरोधापर्यंत अनेक लहानमोठ्या प्रयत्नांची ती मालिका आहे. सार्वजनिक सेवा हे शासनाचे औदार्य नसून नागरिकांचा हक्क होय आणि खर्चाचा अग्रक्रम ठरविण्यात नागरिकांचाही वाटा असला पाहिजे, ही तिची दोन मूलभूत गृहीतके म्हणता येतील.

पार्श्वभूमी : मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये व पुन्हा १९५७ मध्ये वाढविण्यात आली आणि पश्चिमेस दहिसरपर्यंतचा व पूर्वेस मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सु. ९३·६ लाख, तर मुंबई शहर जिल्ह्याची सु. ३०·९ लाख होती. म्हणजे महानगरातील चारांपैकी तीन माणसे उपनगरांत राहत होती. रुग्णालयांची वाटणी मात्र जुन्या शहराच्या आखणीप्रमाणेच राहिली. महापालिकेची परळ येथील राजे एडवर्ड (के. ई. एम.), मुंबई सेंट्रल येथील नायर व शीव येथील लोकमान्य टिळक ही तिन्ही मोठी अध्यापन रुग्णालये शहर भागात आहेत. विलेपार्ले येथील कूपर रुग्णालयास वैद्यकीय महाविद्यालयाची जोड २०१५ मध्ये मिळाली. तोपर्यंत महापालिकेचे एकही वैद्यकीय महाविद्यालय उपनगर जिल्ह्यात नव्हते.

घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे एम. टी. अगरवाल, बोरिवलीचे भगवती, कांदिवली व गोवंडी येथील शताब्दी, सांताक्रुझचे वि. न. देसाई, वांद्रे व कुर्ला येथील भाभा ही महापालिकेची उपनगरीय रुग्णालये होत. विशेषज्ञ, अतिदक्षता विभाग वा रक्तपेढी यांची सोय अपुरी पडली, की येथील रुग्णास शीव, परळ वा मुंबई सेंट्रल येथे पाठविण्यात येते. दहिसर वा मुलुंडहून परळचे अंतर सु. २० ते ३० किमी. आहे. प्रसूतीत अडलेली स्त्री, हृदयविकाराचा झटका आलेला कामगार किंवा लोहमार्गावर जखमी झालेला प्रवासी यांच्या दृष्टीने हे अंतर जीवनमरणाचे ठरू शकते. उपनगरांतील एखाद्या रुग्णालयाचा एक विभाग बंद पडणे ही बाब अर्थसंकल्पात किरकोळ दिसली, तरी तिचा परिणाम किरकोळ नसतो, याचे कारण हेच.

आरंभीचे लढे : उपनगरांतील नागरी चळवळीचा पाया पाण्याच्या व महागाईच्या प्रश्नांवर घातला गेला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या मृणाल गोरे (१९२८–२०१२) यांनी गोरेगाव हे आपले कार्यक्षेत्र मानले. १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या. वस्त्यांना नळाचे पाणी मिळावे म्हणून त्यांनी सातत्याने लढे दिले आणि लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ या नावाने ओळखू लागले. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीची स्थापना झाली. तीत मृणाल गोरे यांच्याबरोबर अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी इ. निरनिराळ्या पक्षांच्या कार्यकर्त्या होत्या. धान्य, तेल, साखर व रॉकेल यांचा पुरवठा व किंमती यांबाबत या समितीने मंत्र्यांना घेराव घातले आणि लाटणी हाती घेतलेल्या व थाळ्या वाजविणाऱ्या स्त्रियांचे मोर्चे काढले. घरखर्चाचा हिशेब सांभाळणाऱ्या गृहिणी शासनाकडेही हिशेब मागू शकतात, हे या मोर्चांनी दाखवून दिले.

याच काळात आरोग्याच्या क्षेत्रात वैचारिक तयारी होत होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व मांडले होते. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. १९७४ मध्ये स्थापन झालेले मेडिको फ्रेंड सर्कल आणि १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात सुरू झालेली लोकविज्ञान चळवळ यांनी औषधे, त्यांच्या किंमती व आरोग्यधोरण यांविषयी सामान्य वाचकांना समजेल असे लेखन केले. १९८६ मध्ये मुंबईच्या ज. जी. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे रुग्णांचे मृत्यू झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या अहवालामुळे शासकीय औषधखरेदीतील दोष लोकांसमोर आले. [⟶ सार्वजनिक आरोग्य].

कपातीचे स्वरूप : आरोग्यसेवेतील कपात बहुधा तशी जाहीर करून केली जात नाही. ती पुढील पाच मार्गांनी घडून येते. (१) रिक्त पदे : परिचारिका, तंत्रज्ञ वा डॉक्टर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, अथवा कंत्राटी पद्धतीने भरल्या जातात. पद कागदावर असते. सेवा मात्र थांबते. (२) अखर्चित निधी : अर्थसंकल्पात तरतूद दाखविली जाते, परंतु मंजुरी, निविदा व वितरण यांत विलंब होऊन वर्षाअखेर ती तशीच शिल्लक राहते. मूळ अंदाज, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी ठेवल्याखेरीज अशी कपात ध्यानात येत नाही. (३) औषधांचा तुटवडा : खरेदी रखडली, की रुग्णाच्या हाती बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडते आणि सार्वजनिक खर्च त्याच्या खिशावर जातो. (४) शुल्क : केसपेपर, तपासण्या व शस्त्रक्रिया यांची आकारणी वाढते. सूट मिळण्याची तरतूद असली, तरी त्यासाठी लागणारे दाखले रोजंदारीवर जगणाऱ्या माणसास सहजासहजी मिळत नाहीत. (५) पुनर्बांधणी व हस्तांतरण : जुनी इमारत पाडण्यासाठी रुग्णालय अंशतः वा पूर्णतः बंद केले जाते. नवी इमारत उभी राहण्यास अनेक वर्षे लागतात आणि ती पूर्ण झाल्यावर मनुष्यबळाअभावी ती खाजगी संस्थेस चालविण्यास द्यावी, असा प्रस्ताव पुढे येतो.

यांपैकी प्रत्येक निर्णयाच्या मागे प्रशासनाची काही ना काही सबब असते आणि प्रत्येक सबब खोटी असते असेही नाही. इमारती खरोखरच मोडकळीस आलेल्या असतात आणि विशेषज्ञ डॉक्टर महापालिकेच्या वेतनावर येण्यास खरोखरच तयार नसतात. म्हणून केवळ विरोध न करता, कोणती गोष्ट टाळता आली असती हे साधार दाखविणे चळवळीस आवश्यक ठरले.

आर्थिक पुनर्रचनेनंतर : १९९१ नंतर देशात आर्थिक पुनर्रचनेचे धोरण आले आणि सामाजिक सेवांसाठी लाभार्थींची निवड करण्याचे तत्त्व बळावले. १९९७ मध्ये लक्ष्याधारित सार्वजनिक वितरण व्यवस्था सुरू झाली. महाराष्ट्रात १९९९ मध्ये पिवळी, केशरी व शुभ्र अशा तिरंगी शिधापत्रिका देण्यात आल्या. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी शहरी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये ठरविण्यात आली. मुंबईतील मोलकरीण व हमाल यांसारख्या कष्टकऱ्यांची कुटुंबेही तीत बसत नसल्याने झोपडवस्त्यांतील असंख्य कुटुंबे स्वस्त धान्यास मुकली. मुंबईत काम करणाऱ्या रेशनिंग कृती समितीने वस्त्यावस्त्यांतील स्त्रियांना संघटित करून दुकानांवर देखरेख, शिधापत्रिकांसाठी अर्ज आणि शिधावाटप कार्यालयांवर मोर्चे असे कार्यक्रम केले. सर्वोच्च न्यायालयात २००१ मध्ये दाखल झालेल्या अन्नाच्या हक्कासंबंधीच्या याचिकेमुळे या कामास देशव्यापी आधार मिळाला. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने धान्य हा कायदेशीर हक्क ठरविला.

अंधेरीतील पाणीवितरणाचा प्रश्न या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. २००६ च्या सुमारास महापालिकेच्या के-पूर्व विभागातील (अंधेरी पूर्व, जोगेश्वरी पूर्व इ.) पाणीवितरणाचे व्यवस्थापन सुधारण्यासाठी जागतिक बँकेच्या पुढाकाराने एका सल्लागार संस्थेकडून अभ्यास करण्यात आला. खाजगी संस्थेकडे व्यवस्थापन देण्याचा पर्याय त्यात असल्याने रहिवाशांचे गट, कार्यकर्ते व महापालिकेचे कर्मचारी यांनी सभांतून तो धसास लावला. पाण्याची मोजणी, गळती व उपलब्धता यांविषयीच्या आकड्यांवरच त्यांनी प्रश्न उपस्थित केले. अखेर ही योजना मागे पडली. तज्ज्ञांच्या अहवालास नागरिक त्याच्याच भाषेत उत्तर देऊ शकतात, हा धडा यातून मिळाला.

आरोग्याच्या क्षेत्रात डिसेंबर २००० मध्ये बांगला देशातील सावर येथे लोकांची आरोग्य परिषद भरली. तिच्या तयारीतून भारतात जनस्वास्थ्य अभियान व महाराष्ट्रात जनआरोग्य अभियान उभे राहिले. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला प्रभृती कार्यकर्ते आणि पुण्याची ‘साथी’ ही संस्था यांचा त्यात प्रमुख वाटा होता. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सहकार्याने आरोग्यसेवा नाकारल्या गेल्याच्या तक्रारींची देशभर विभागवार जनसुनावणी घेण्यात आली.

चळवळीची साधने : मोर्चा व निवेदन या परंपरागत साधनांना गेल्या काही दशकांत चार नव्या साधनांची जोड मिळाली. पहिले साधन माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात त्यासंबंधीचा राज्य कायदा २००२ मध्ये व केंद्रीय कायदा २००५ मध्ये आला. मंजूर पदे, भरलेली पदे, औषधसाठा व निविदेच्या अटी यांची अधिकृत माहिती त्यामुळे सामान्य माणसास मागता येऊ लागली. दुसरे साधन अर्थसंकल्पाचे विश्लेषण. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील शासकीय खर्च देशाच्या स्थूल उत्पादनाच्या २·५ टक्के व राज्यांचा आरोग्यखर्च त्यांच्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक करण्याचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्राचा खर्च या प्रमाणापेक्षा बराच कमी राहिला, हे चळवळीने वारंवार दाखवून दिले. मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पात आरोग्याचा वाटा अलीकडच्या वर्षांत साधारणपणे १० ते १२ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. मात्र तो उपनगरांत किती व मोठ्या रुग्णालयांत किती खर्च होतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असल्याचे कार्यकर्ते म्हणतात.

तिसरे साधन जनसुनावणी व लोकाधारित देखरेख. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अंतर्गत २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात तो प्रथम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव), पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत राबविण्यात आला. गावपातळीवरील समित्या आरोग्यकेंद्राचे ‘प्रगतिपत्रक’ तयार करीत आणि अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत भरणाऱ्या जनसुनावणीत ते मांडले जाई. शासनाच्याच निधीतून शासनाच्या कामाची तपासणी करण्याची ही पद्धत अपूर्व होती. ती ग्रामीण व आदिवासी भागांसाठी आखलेली असली, तरी शहरी कार्यकर्त्यांनी तिच्यातील सुनावणीचे तंत्र उचलले. चौथे साधन जनहित याचिका होय.

न्यायालयांची भूमिका : १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६१ मध्ये महापालिकेच्या अनिवार्य कर्तव्यांची यादी आहे आणि सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने यांचा तीत अंतर्भाव होतो. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्यात सुधारणा करणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. या तरतुदी कागदावरच राहू नयेत, या दृष्टीने दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. रतलाम नगरपरिषदेच्या खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने, पैशाची चणचण ही वैधानिक कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे सांगितले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात (१९९६) लोहमार्गावर जखमी झालेल्या एका मजुरास अनेक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नव्हते. तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय त्यात देण्यात आला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना लागू झाली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धनांना विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दराने देणे बंधनकारक झाले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवरील १५ डिसेंबर २०१४ च्या निकालात याच न्यायालयाने पाणी हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी देण्याचे धोरण आखण्याचा आदेश महापालिकेस दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात एका दिवसात १८ व त्यानंतर सु. दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. नांदेडच्या घटनेनंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदे व औषधखरेदी यांबाबत शासनाकडे खुलासा मागितला. मुलुंडच्या पलीकडेच असलेल्या कळव्यातील घटनेने उपनगरांतही मोठी खळबळ उडाली.

भागीदारीचा वाद : खाजगी भागीदारीच्या तत्त्वाचे परिणाम उपनगरांत प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. अंधेरीत मरोळ येथे महापालिकेच्या भूखंडावर खाजगी कंपनीने बांधलेले सेव्हन हिल्स रुग्णालय २०१० मध्ये सुरू झाले. महापालिकेच्या रुग्णांसाठी २० टक्के खाटा राखून ठेवण्याची अट त्यात होती. तथापि अटींच्या पालनावरून महापालिका व कंपनी यांच्यात वाद उद्भवला आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा महापालिकेने हेच रुग्णालय चालवून मोठ्या संख्येने रुग्णांवर उपचार केले. भागीदारीचे समर्थक व विरोधक असे दोन्ही पक्ष या एकाच उदाहरणाचा दाखला देतात : एकाच्या मते वास्तू उभी राहिली हे भागीदारीचे यश, तर दुसऱ्याच्या मते ती सार्वजनिक व्यवस्थेनेच उपयोगात आणली हे खरे.

२०२५ मध्ये बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे एम. टी. अगरवाल, गोवंडीचे शताब्दी इ. रुग्णालये भागीदारी तत्त्वावर चालविण्यास देण्याचे महापालिकेचे प्रस्ताव पुढे आले, तेव्हा कामगार संघटना, आरोग्य कार्यकर्ते व स्थानिक रहिवासी यांनी त्यांना विरोध केला. त्यांचे आक्षेप मुख्यतः तीन होते : सवलतीच्या खाटा मर्यादित राहतील व उरलेल्यांचे दर परवडणार नाहीत, स्थायी नोकऱ्या जाऊन कंत्राटी पद्धती येईल, आणि कराराच्या अटींचे पालन होते की नाही हे तपासण्याची सक्षम यंत्रणा नाही. भागीदारीमुळे रिक्त पदांची अडचण दूर होऊन अतिविशेष सेवा उपनगरांतच मिळतील, असा प्रशासनाचा युक्तिवाद होता. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून तिचा कारभार प्रशासकाकडे होता. त्यामुळे अशा प्रश्नांवर नगरसेवकांच्या सभागृहात चर्चा होण्याचा नेहमीचा मार्ग त्या काळात उपलब्ध नव्हता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

इतर देशांतील अनुभव : अशा चळवळी अन्यत्रही झाल्या आहेत. लंडनमधील लुइशम रुग्णालयातील सेवा कमी करण्याच्या निर्णयाविरुद्ध रहिवासी व डॉक्टर एकत्र आले. २०१३ मध्ये न्यायालयाने आरोग्यमंत्र्यांचा हा निर्णय अधिकारकक्षेबाहेरचा ठरविला. स्पेनमध्ये माद्रिद प्रांतातील सहा रुग्णालयांचे व्यवस्थापन खाजगी संस्थांकडे देण्याविरुद्ध पांढरे कोट घातलेल्या कर्मचाऱ्यांनी व नागरिकांनी मोर्चे काढले. जानेवारी २०१४ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने आरोग्य हा सर्वांचा हक्क ठरविला, त्यामागेही लोकचळवळच होती. या उदाहरणांत आरोग्य कर्मचारी व रुग्ण एकाच बाजूस उभे राहिल्याचे दिसते. महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका व ‘आशा’ कार्यकर्त्यांनी मानधनासाठी केलेल्या संपांकडे (उदा., डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मधील अंगणवाडी सेविकांचा संप) याच दृष्टीने पाहता येते. कारण सेविकेचे अल्प मानधन व बालकाचा अपुरा आहार या एकाच कपातीच्या दोन बाजू आहेत.

फलित व मर्यादा : चळवळीच्या काही मागण्या कालांतराने शासनाने स्वीकारल्या. तमिळनाडूच्या धर्तीवर औषधखरेदीसाठी स्वायत्त यंत्रणा असावी, ही मागणी अनेक वर्षांची होती. २०२३ मध्ये महाराष्ट्रात वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्याचा कायदा झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार विनामूल्य करण्यात आले. मात्र महापालिकेची रुग्णालये या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिल्याने उपनगरांतील बहुसंख्य रुग्णांना त्याचा थेट लाभ झाला नाही. खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावण्याची तरतूद २०२१ च्या नियमांत आली. राजस्थानने २०२३ मध्ये केलेल्या आरोग्यहक्काच्या कायद्यासारखा कायदा मात्र महाराष्ट्रात झालेला नाही.

चळवळीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विमा वा खाजगी सेवा परवडणारा उपनगरांतील मध्यमवर्ग सार्वजनिक रुग्णालयांपासून दूर गेल्यामुळे त्यांच्या प्रश्नांना पूर्वीसारखा बोलका पाठिंबा उरला नाही. झोपडवस्तीतील रुग्णाचे नातलग उपचार संपताच रोजगाराच्या मागे लागतात. तक्रारीचा पाठपुरावा करण्यास त्यांना सवड नसते. न्यायालयाचा आदेश मिळाला, तरी त्याची अंमलबजावणी पुन्हा त्याच प्रशासनाकडे असते. शिवाय एखादी योजना रोखणे तुलनेने सोपे असते. परंतु योजना रोखल्यावर रिक्त पदे भरून रुग्णालय नीट चालविण्यास शासनास भाग पाडणे दीर्घ प्रयत्नांचे असते. बंद पडलेल्या विभागाचे दार उघडले, तरी आत परिचारिका नसेल, तर रुग्णास पुन्हा परळचीच वाट धरावी लागते. म्हणूनच एखादा निर्णय मागे घेतला गेला यावरून या चळवळीच्या यशाचे मोजमाप करता येणार नाही. दहिसर वा मुलुंडच्या रहिवाशास त्याच्या वस्तीजवळच्या रुग्णालयात वेळेवर व परवडेल असे उपचार मिळतात की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.